आवडीकडे हिशेब मागू नकोस

मिरज
रविवार

चि. चिऊ हिस,


तुझा भला मोठा मेल वाचला. फोनवर असल्या विषयाचं 'बघू गं, होईल सगळं नीट' एवढ्यावर भागतं, म्हणून सवडीनं लिहायला बसले आहे. तूही सवडीनं वाच. दोन मीटिंगच्या मध्ये उरकू नकोस.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. आठवडाभर ऑफिस, आणि शनिवार-रविवार क्रिकेट, गाणं आणि तो नवा ओव्हन यांत जातात. रविवारी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, दोन दिवस गेले आणि दाखवायला काही नाही. बरोबरीची एक मुलगी जर्मन शिकते, दुसरी मॅरेथॉनच्या तयारीला लागलीय, तिसरीनं केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केलीय. तू मात्र ना गातेस, ना खेळतेस, आणि पाव करतेस तो खोलीतल्या तिघींपुरता. तेव्हा हे सगळं बंद करून काहीतरी उपयोगाचं करावं का, असं तू विचारलंयस. तुझ्या बाबांनीही 'नुसतं बघून आणि ऐकून काय मिळतं?' असं ऐकवलेलं दिसतंय.

बंद करू नकोस. हे आधी सांगून टाकते. पण आत्ता जसं चाललंय तसंच चालू दे, असंही मी म्हणणार नाही. तूच लिहिलंयस की मॅच लॅपटॉपच्या कोपऱ्यात लावलेली असते, कानात कुमार गंधर्व असतात आणि हाताखाली ऑफिसची एक्सेल शीट. पाव ओव्हनमधून निघाला की आधी त्याचा फोटो ग्रुपवर जातो आणि पुढच्या रविवारी वेगळीच रेसिपी. रविवारी रात्री जी हुरहुर लागते ती याची आहे, असं मला मनापासून वाटतं. तुझा वेळ आवडींनी खाल्लेला नाही. तू तो त्यांना पुरता दिलेलाच नाहीस. पोटभर जेवण झालं नाही आणि ताट तर उचललं गेलं, मग भूक राहणारच.

आधी गाण्याचं बोलते, कारण त्याबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचंय, आणि मी राहते मिरजेत.

लहानपणी तुला सतारमेकर गल्लीत नेलं होतं. तुला आठवत असतील ते दारात वाळत घातलेले भोपळे. पंढरपूर भागातून ते येतात. आकारानं मोठे, जाड सालीचे, खायच्या उपयोगाचे नसलेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही तेच काम करताहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाला त्याचा आनंद झालाच. पण मला तुला दाखवायचीय ती जवारी काढण्याची वेळ.

तंबोरा तयार होतो, तारा चढतात, तरी तो अजून बोलत नसतो. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कारागीर कानशीनं किंचित घासतो, तार परत बसवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा तार बाजूला करतो, पुन्हा घासतो. केसभर जास्त घासलं तर आवाज बसतो, कमी घासलं तर नुसता टणत्कार निघतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतो. दोरा एका जागी आला की तार एकदम उघडते, आणि खोलीभर तो झंकार भरून राहतो. तिथं थोडा वेळ उभं राहायचं आणि खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यायचं. तार षड्जाची आहे, पण तिच्या पोटातून वर कुठेतरी गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, त्याची वेगळी तार नसते. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. कुणीतरी 'हा बघ, आत्ता' म्हणून दाखवावा लागतो. आणि एकदा दिसला की पुढे कुठल्याही मैफलीत तंबोरे जुळले की तो कानात आपसूक येतो. ऐकणं शिकावं लागतं, ते असं. तुझ्या बाबांना 'नुसतं ऐकणं' वाटतं त्यात एवढं काम असतं.

आता तुला एक काम देते. पुढचा महिनाभर गाण्याच्या याद्या बदलू नकोस. एकच राग घे, आणि तो भूप घे. सा रे ग प ध, एवढे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद नाहीतच. शाळेतल्या पेटीच्या तासाला सगळ्यांना येतो, म्हणून आपण तो सोपा समजतो. किशोरीताई आमोणकरांचा भूप शोध आणि संध्याकाळी, दिवे लागल्यावर, दुसरं काहीही हातात न घेता ऐक. आलाप गंधारावर कसा येऊन थांबतो ते बघ. सगळे रस्ते तिथं येऊन मिळतात, तिथून निघतात. चार-सहा वेळा असं ऐकून झालं की मग एखाद्या सकाळी देशकार लाव. त्याचे स्वरही तेच पाच आहेत, एकही कमीजास्त नाही. पण तो भूप नाही हे तुला कळेल. देशकार वरच्या अंगात राहतो, धैवतावर उभा असतो, आणि गंधाराला भूपाइतका मान देत नाही. तेच पाच स्वर, पण एकातून संध्याकाळ होते आणि दुसऱ्यातून सकाळ, आणि हा फरक तुला कुणी न सांगता कानानं ओळखता आला तर त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजलेले असले तरी.

तबल्याकडेही लक्ष दे. विलंबित ख्यालातला एकताल सुरुवातीला फार लांब वाटतो, त्याच्या नादी आत्ताच लागू नकोस. मध्य लयीतला तीनताल घे. सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात उघडा. बोटांच्या पेरांवर मोजत बस. सुरुवातीला मोजण्यातच गाणं निसटून जाईल, त्यानं खट्टू होऊ नकोस. हळूहळू मोजणं हाताकडे जातं आणि कान मोकळा होतो. मग गायिका तान घेऊन कुठल्या कुठे गेली आणि नेमकी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, उतरली की तुझी मान आपोआप हलेल. ती दाद खरी. टाळ्यांची वाट पाहून दिलेली दाद वेगळी आणि ही वेगळी, आणि व्यासपीठावरच्या माणसाला दोन्हींतला फरक बरोबर कळतो.

तू म्हणतेस, गाता येत नाही तर माझ्या ऐकण्याला काय किंमत? चिऊ, इंदूरचे रामूभैया दाते हे नाव ऐकलं आहेस का? 'शुक्रतारा' गाणाऱ्या अरुण दात्यांचे वडील. ते मैफली करणारे गवई नव्हते, पण थोर रसिक म्हणून मोठमोठे कलावंत त्यांना मानत, त्यांच्यापुढे गायला मिळावं असं वाटणारे गायक होते, आणि पु. ल. देशपांड्यांनी त्यांच्यावर भरभरून लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे गाणं टिकलं त्यात अशा ऐकणाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तो आजतागायत चाललाय तो डिसेंबरच्या थंडीत शाली पांघरून तासन्‌तास बसणाऱ्या माणसांमुळेही. त्यांतल्या बहुतेकांना स्वतः गाता येत नाही. लोक तुला वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण देतील, की बघ, लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी करून माणूस एवढा मोठा गायक झाला. ते खरंच आहे, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण तुला वसंतराव व्हायचं नाहीये. तुला त्यांचं गाणं कळायला हवंय, आणि तेवढ्यासाठी एक आयुष्य आनंदानं खर्ची घालावं इतकं ते मोठं आहे.

तुमच्या बेंगळुरूत मैफलींना तोटा नाही. जात जा. कर्नाटक संगीताच्याही ऐक, तिथं राहून ते न ऐकणं म्हणजे दारची संधी घालवणं. मात्र तिथं गेल्यावर फोन पर्समध्ये राहू दे. रेकॉर्ड करणारा माणूस ऐकणं पुढच्या वेळेवर ढकलतो आणि पुढची वेळ येत नाही.

आता तुझं क्रिकेट. हे वेड तुला आजीकडून आलंय, हे तुला ठाऊक नसेल. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन आकाशवाणीवर लागायचं तेव्हा आजोबा आरामखुर्चीत आणि आजी तांदूळ निवडत उंबऱ्याशी. आजोबा मोठ्यानं 'वा!' म्हणायचे म्हणून घरात क्रिकेटवेडे तेच ठरले. पण थर्ड मॅनला कोण उभा आहे आणि गोलंदाजानं टोक कधी बदललं, हे विचारलं तर उत्तर आजी द्यायची. डोळ्यांपुढे काही नसताना तिनं सगळं मैदान मांडलेलं असायचं. तिच्या या आवडीची घरानं कधी दखल घेतली नाही, तिला कुणी सामना बघायला मैदानावर नेलं नाही. तुझ्याकडे ती आवड आहे आणि स्टेडियमचं तिकीट काढायला तुझे पैसे आहेत. म्हणून मला वाटतं, तू ती लपूनछपून, ऑफिसच्या कामाच्या आडून भागवू नयेस. उघडपणे, ऐटीत बसून बघावीस.

आणि बघायची तर कसोटी बघ. वीस षटकांच्या सामन्याला माझी ना नाही, पण डोळा तयार होतो तो कसोटीत. जानेवारी २०२१ चा ब्रिस्बेनचा सामना तुला आठवतो तो ऋषभ पंतच्या शेवटच्या चौकारामुळे. त्याचं शेवटच्या दिवसाचं पूर्ण चित्रण मिळालं तर एकदा सकाळच्या सत्रापासून बघ. महिन्याभरापूर्वी ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला आपला संघ, विराट कोहली परत गेलेला, निम्मे गोलंदाज जायबंदी, कप्तान आपला अजिंक्य रहाणे. जिंकायला ३२८ हवेत आणि त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरलेली नाही. आता पुजाराकडे बघ. २११ चेंडू खेळून ५६ धावा. चेंडू हातावर, बरगड्यांवर, हेल्मेटवर आदळताहेत आणि तो जागचा हलत नाही. धावफलकावर त्या वेळात फारसं काही घडत नाही, म्हणून ठळक क्षणांच्या दहा मिनिटांच्या चित्रफितीत त्याच्या वाट्याला जेमतेम काही सेकंद येतात. पण बघत राहिलीस तर दिसेल, की प्रत्येक षटकागणिक कमिन्स आणि हेझलवूडचे पाय जड होताहेत. ऐंशी षटकं झाल्यावर नवा चेंडू घेतला आणि लगेच पुजारा पायचीत झाला. तेव्हा अजून शंभर धावा हव्या होत्या. त्यांतल्या बहुतेक पंतनं आणि वॉशिंग्टन सुंदरनं दमलेल्या गोलंदाजांवर काढल्या, आणि त्यांना दमवण्याचं काम सकाळपासून कुणी केलं होतं ते तुला आता ठाऊक आहे. त्याच सामन्यात पहिल्या डावात १८६ वर सहा बाद असताना पालघरच्या शार्दूल ठाकूरनं सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली होती. ती झाली नसती तर शेवटचा दिवस उजाडलाच नसता.

बघताना चेंडू सोडून दुसरीकडेही बघायची सवय लाव. गोलंदाज धावायला लागण्याआधी कप्तानानं कुणाला दोन पावलं सरकवलं? यष्टिरक्षक पुढे आला की मागे गेला? फलंदाज दोन चेंडूंच्या मध्ये काय करतोय? टीव्हीवर यातलं निम्मंच दिसतं, म्हणून वर्षातून एकदा तरी मैदानावर जा. रणजी सामन्याला बहुतेक ठिकाणी तिकीटही नसतं, गर्दीही नसते. खेळाडूंचं एकमेकांना ओरडून सांगणं ऐकू येतं. डबा घेऊन जा.

मुलींचे सामने तू बघतेसच. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ वर उभी राहिली, आणि तीनच दिवसांनी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला हरवून आपण विश्वचषक घेतला. आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मंधाना त्या संघात होती. त्या रात्री मला आजीची फार आठवण आली.

एक मात्र बजावून सांगते. खेळाडूंवर पैसे लावायच्या ॲपच्या वाटेला कुठल्याही आडमार्गानं जाऊ नकोस. २०२५ मध्ये कायद्यानं त्यांच्यावर बंदी आली हे चांगलं झालं, पण पळवाटा काढणारे असतातच. पैसा लागला की डोळ्यांना सामना दिसत नाही, आपण निवडलेला गडी तेवढा दिसतो. आणि हरल्यावर कुणा खेळाडूला, त्याच्या घरच्यांना शिव्या देणाऱ्या ग्रुपमध्ये राहू नकोस. ग्रुप सोडायला कारण सांगावं लागत नाही.

आता पाव. फोटो पाहिले. रंग छान आलाय, पण कापलेल्या तुकड्यात खाली दाट पट्टा दिसतोय, तेव्हा त्यावर थोडं बोलू.

दर रविवारी नवी रेसिपी, हे थांबव. एक साधा पाव घे आणि तोच करत राहा. अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिली पाणी, दहा ग्रॅम मीठ, पाच ग्रॅम सुकं यीस्ट. एवढंच. वजनकाटा वापर, वाटीनं मोजू नकोस. दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो. पीठ मळल्यावर त्याचा छोटा गोळा बोटांनी ताणून उजेडात धर. न फाटता त्यातून उजेड आरपार दिसला तर मळणं झालं. फाटला तर आणखी मळ. नंतर फुगायला ठेवशील तेव्हा घड्याळाकडे बघू नकोस. पुस्तकात एक तास लिहिलेला असतो, पण मिरजेच्या मे महिन्यात पीठ त्याच्या आधी फुगून येतं आणि तुमच्या बेंगळुरूच्या पावसाळी गारठ्यात दीड-दोन तासही लागतात. पीठच बघ. बोट कोरड्या पिठीत बुडव आणि फुगलेल्या गोळ्यात हलकेच दाब. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरला तर ओव्हन तापव. भरलाच नाही तर उशीर झालाय, तसाच भाज. तुझ्या पावाचा तो खालचा दाट पट्टा मला घाईचा वाटतो, बोट दाबून बघितलंस की कळेलच. भाजताना खालच्या खणात पाण्याचा ट्रे ठेव, वाफेनं पाव उमलतो आणि कवच चांगलं धरतं. बाहेर काढल्यावर उलटा करून तळाशी टिचकी मार. पोकळ आवाज आला की आतून भाजला. आणि कापायची घाई करू नकोस. गरम पाव कापला की आतला गाभा लगद्यासारखा दाबला जातो.

हा एक पाव हाताला बसला की मग कणीक मिसळून बघ. आपल्या चक्कीवरच्या पिठाला पाणी जास्त लागतं आणि कोंड्यामुळे पीठ मैद्याइतकं ताणलं जात नाही, हे तुझं तुलाच हाताला कळेल. त्यानंतर नानकटाई. आपल्याकडे दिवाळीच्या आधी मोठ्या परातीत साखर-तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत हातानं फेसायचं आणि थाळे बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, हे तुझ्या आईनं केलेलं आहे. तिला विचार, तूप किती फेसायचं ते. ती फोनवर सांगेल आणि तिला बरंही वाटेल.

ऑर्डरींबद्दल विचारलंस. धंदा करणं वाईट नाही. त्या मुलीला चांगलं जमत असेल तर तिचं कौतुक कर, तिच्याकडून केक विकत घे. पण तुला तो करायचाय का, हे आधी स्वतःला विचार. ऑर्डर आली की शुक्रवारी रात्री दुसऱ्याच्या आवडीचा रंग, दुसऱ्याच्या वेळेचा केक करावा लागतो, नोंदणी करावी लागते, विजेचा आणि डब्यांचा खर्च धरावा लागतो, चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांतपणे उत्तर द्यावं लागतं. ज्याला हे सगळंच आवडतं त्यानं जरूर करावं. तुझ्या सगळ्या मेलमध्ये विकण्याबद्दल एकही उत्साहाचं वाक्य नाही. पिठाबद्दल मात्र दोन परिच्छेद आहेत. तेव्हा 'एवढं छान करतेस तर विकत का नाहीस?' असं कुणी म्हटलं तर हसून एक तुकडा त्यांच्या हातावर ठेव आणि विषय तिथंच राहू दे. तुझा पगार तुला पुरतो. प्रत्येक आवडीला कमवायला लावायची गरज नाही.

वेळेचं म्हणशील तर, तिन्ही गोष्टी एकाच सुट्टीत कोंबू नकोस. कसोटी असेल तेव्हा कसोटी. नसेल त्या रविवारी पाव. गाण्याला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दे, ऑफिसमधून आल्यावर, आंघोळ करून. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. सामान घेत सुटू नकोस. पीठ मळायचा महागडा मिक्सर आत्ता अजिबात नको, वर्षभर हातानं मळ. एखादी आवड काही दिवसांनी सुटली तर वाईट वाटून घेऊ नकोस. माझी विणकामाची आवड अशीच गेली आणि त्या जागी गाणं आलं. आणि एखादा सोबती बघ. तुमच्या ऑफिसातल्या त्या गुजराती मुलीला गाण्यातलं कळतं म्हणालीस, तिला घेऊन मैफलीला जा, येताना रिक्षात भांडा, कुठली तान जास्त चांगली झाली यावर. एकटीनं ऐकलेलं गाणं खोल जातं, पण भांडायला कुणी असलं की ते लक्षात राहतं.

बाबांशी मी बोलते. ते दर रविवारी सकाळी बागेत दोन तास असतात आणि त्यांच्या गुलाबांना कुणी 'काय मिळतं?' विचारलेलं त्यांना चालत नाही. त्यांना ते समजेल.

दिवाळीला चार दिवस आधी ये. सतारमेकर गल्लीत जाऊन बसू, आणि एका दुपारी तू, तुझी आई आणि मी मिळून परातीत तूप फेसू. येताना तुझा पाव आणशील तर आदल्या रात्री भाज, पूर्ण गार होऊ दे आणि कापडात गुंडाळून आण. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, कवच मऊ पडतं. आणि बसचं रिझर्व्हेशन आत्ताच कर, नंतर मिळत नाही.

तुझी,
मावशी